जुन्या विद्यार्थ्यांची साक्ष

महाविद्यालय सोडून चाळीस-पन्नास वर्षे लोटलेली माणसे एखाद्या वर्धापनदिनाच्या निमित्ताने पुन्हा त्याच आवारात जमतात, तेव्हा एरवी ज्यांना रावसाहेब, अण्णासाहेब अशा बहुमानाखेरीज कोणी हाक मारीत नाही, ते निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर आणि मुख्याध्यापक घटकाभरात एकमेकांना अरे-तुरे करू लागतात, आणि जी त्यांच्या नातवंडांच्या कानांवर कधी पडलेली नसतात, ती वसतिगृहातील टोपणनावे मोकळेपणाने उच्चारली जातात. ज्या व्याख्यानांसाठी वडिलांनी कर्ज काढून फी भरली, त्या व्याख्यानांचा विषय या मंडळींत क्वचितच निघतो. निघतो तो खानावळीतील पाणचट आमटीचा, एकाच्या मनीऑर्डरीच्या साऱ्या मजल्याने पाहिलेल्या वाटेचा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री उसन्या कंदिलावर केलेल्या जागरणाचा. जवळ बसलेले तरुण हे सारे सौजन्याने ऐकतात आणि म्हातारपणाचा निरुपद्रवी छंद म्हणून सोडून देतात. त्यांचा हा समज बरोबर नाही, आणि त्यापायी आपल्या समाजाची पुष्कळ मौल्यवान साक्ष अलिखित राहून जाते, असे आम्हांस मनापासून वाटते.

वैद्यकशास्त्रातही एके काळी असाच समज होता. वृद्ध माणूस वारंवार गतकाळात रमू लागला की त्याची बुद्धी क्षीण होत चालली, असे मानण्याचा शिरस्ता होता. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली एका निबंधात त्यास हरकत घेतली आणि असे प्रतिपादन केले की, आयुष्याचा शेवट दृष्टिपथात आल्यावर मनुष्य आपल्या सबंध आयुष्याची फेरतपासणी करू लागतो, हा मनाचा स्वाभाविक व्यापार असून त्यातून अनेकदा मन:शांती लाभते. पुढे १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, प्रौढ आणि वृद्ध माणसांच्या आठवणी वयोमानानुसार मांडल्या, तर अगदी अलीकडचा काळ सोडल्यास वयाच्या सुमारे दहा ते तीस या वर्षांच्या आठवणींची दाटी सर्वांत अधिक भरते. पहिल्यांदा घर सोडणे, पहिला जिवलग मित्र, पहिली जबाबदारी आणि पहिले अपयश यांची गाठ याच वर्षांत पडते, म्हणून हे वय मनावर इतके खोल उमटत असावे, अशी त्याची एक उपपत्ती आहे. तात्पर्य, कॉलेजच्या दिवसांविषयी बोलणारा वृद्ध आपल्या आयुष्याच्या सर्वांत भरघोस दफ्तरातून बोलत असतो.

या दफ्तराचे मोल किती असू शकते, हे महाराष्ट्रात पाहावयाचे असेल, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे पाहावे. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रज अंमलदारांनी १८२१ साली विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा सुरू केली, ती १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी एकत्र होऊन पूना कॉलेज झाली. १८६४ मध्ये तिला डेक्कन कॉलेज हे नाव मिळाले, आणि जमशेटजी जिजीभाई यांच्या घराण्याच्या मोठ्या देणगीच्या बळावर येरवड्याच्या बाजूस उभारलेल्या गॉथिक धर्तीच्या दगडी इमारतीत १८६८ मध्ये तिचे बिऱ्हाड हलले. शहर नदीपलीकडे दूर राहिले, आणि त्या दुराव्यामुळेच वसतिगृहातील विद्यार्थ्यांचे एक निराळे कुटुंब बनले. महाकवी वर्ड्स्वर्थचे नातू तेथे इंग्रजी शिकवीत, केरूनाना छत्रे गणित शिकवीत, जर्मन पंडित कीलहॉर्न संस्कृत शिकवीत. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर तेथून बाहेर पडले.

टिळक १८७३ मध्ये त्या कॉलेजात दाखल झाले आणि १८७९ मध्ये एल्एल्.बी. झाले. या सहा वर्षांसंबंधी सरकारी दफ्तरात काय मिळणार? हजेरी, फी, परीक्षेतील वर्ग, एवढेच. परंतु टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी वारल्यानंतर सदाशिव विनायक बापट या गृहस्थांनी एक असाधारण उद्योग आरंभिला: टिळकांच्या सहवासात आलेल्या माणसांना गाठून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या, आणि १९२४ पासून त्यांचे तीन खंड प्रसिद्ध केले. टिळकांचा जन्म १८५६ चा; म्हणजे त्यांचे जे सहाध्यायी तेव्हा हयात होते, त्यांनी सत्तरीचा उंबरठा गाठलेला होता. आणखी दहा वर्षांनी हा उद्योग कोणी हाती घेतला असता, तर विद्यार्थिदशेतील टिळकांविषयी बोलणारा माणूस विरळाच उरला असता.

जुन्या सोबत्यांच्या अशा सांगण्यातूनच आपल्याला तो कृश प्रकृतीचा मुलगा ठाऊक झाला, ज्याने कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यासाऐवजी तालमीला, पोहण्याला आणि सकस आहाराला वाहिले, आणि त्यापायी परीक्षेतील अपयश पत्करले. औषधांच्या बाटल्या बाळगणाऱ्या सोबत्यांच्या खोलीत शिरून त्या बाटल्या खिडकीबाहेर भिरकावून देणारा आणि व्यायामाला चला म्हणून त्यांना ओढून नेणारा टिळक त्यांनीच सांगितला. तोंडावर स्पष्ट बोलण्याबद्दल मित्रांनी त्याला ‘मिस्टर ब्लंट’ आणि दांडगाईबद्दल ‘डेव्हिल’ अशी नावे ठेवली होती, हेही त्यांनीच सांगितले. एम.ए.चा अभ्यास करणारे आगरकर आणि कायद्याचा अभ्यास करणारे टिळक कॉलेजच्या परिसरात रात्र रात्र वाद घालीत, स्वदेशी शिक्षणाची योजना आखीत, आणि त्या वादांतूनच पुढे १८८० च्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते चिपळूणकरांच्या जोडीस उभे राहिले, ही हकीकत कोणत्या रजिस्टरात लिहिली जाणार होती? कोल्हापूर संस्थानाच्या कारभारावरील लेखांपायी झालेल्या बदनामीच्या खटल्यात १८८२ साली दोघांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले, तेव्हा दोघेही अवघे सव्वीस वर्षांचे होते. आणि आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर जे पुस्तक लिहिले, त्यात या दोन मित्रांच्या लांबलचक संभाषणांतून कॉलेजातील बेतांचे आणि वादांचे प्रतिध्वनी उमटलेले आहेत. आगरकर वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा तो दरिद्री विद्यार्थी म्हातारा होऊन स्वत:ची कहाणी सांगण्यास उरला नाही. ती इतरांनी सांगावी लागली.

आता असा आक्षेप येईल की, पन्नास वर्षांनंतरची आठवण ही काही अस्सल कागदपत्राच्या तोडीची नव्हे. आक्षेप रास्त आहे. ज्याने १८७५ मध्ये एका धटिंगण सोबत्याला पाहिले, तो १९२४ मध्ये लोकमान्यांच्या पुण्यस्मृतीपुढे हात जोडून बोलत होता, आणि नंतरच्या थोरवीचा प्रकाश मागच्या दिवसांवर पडल्यावाचून राहत नाही. म्हणून अशा साक्षीची रुजवात घालावी लागते. आमच्या मते त्याची एक कसोटी अशी: जी आठवण सांगण्याने सांगणाऱ्याला किंवा सांगितल्या जाणाऱ्याला काही विशेष मोठेपणा मिळत नाही, तिच्यावर अधिक विश्वास ठेवावा. देशभक्तीचे तेज बालपणापासूनच कसे झळकत होते, हे सांगणारी आख्यायिका संशयाने वाचावी. परीक्षा बुडाली, बाटल्या फुटल्या, मित्र चिडले, ही आठवण निश्चिंतपणे घ्यावी. दुसरी कसोटी म्हणजे, एकमेकांशी मतभेद असलेल्या माणसांच्या आठवणी शेजारी शेजारी ठेवून पाहणे.

आणि या ठिकाणी डेक्कन कॉलेजच्या एका निराळ्याच विद्यार्थिनीची साक्ष काढणे अगत्याचे आहे. पुढे हिंदुस्थानातील पहिल्या महिला वकिलांत जिची गणना झाली, ती कॉर्नेलिया सोराबजी १८८० नंतरच्या दशकात याच इमारतीत शिकत होती, मुलांच्या गर्दीत एकटी. तिचे आत्मचरित्र ‘इंडिया कॉलिंग’ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा तिचे वय अडुसष्टाच्या घरात होते. तिला वर्गात येऊ द्यायचे नाही म्हणून विद्यार्थी तिच्या तोंडावर दार लावून घेत. तरीही ती पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, आणि ज्या गुणांवर पुरुषाला विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती सहज मिळाली असती, त्या गुणांवर ती तिला स्त्री म्हणून नाकारण्यात आली. तीच इमारत, जवळपास तोच काळ. परंतु पुरुष विद्यार्थ्यांच्या आठवणींत जेथे स्नेहाची ऊब आहे, तेथे तिच्या वाट्याला बंद दार आले. जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील हास्यविनोद ऐकताना ही साक्ष आम्हांला फार महत्त्वाची वाटते. खानावळीतील पंक्तीला कोण बसू शकत होते आणि कोणाला निराळे जेवावे लागे, पाणी कोण भरी, भांडी कोण घाशी, याविषयी एकाही आचाऱ्याची अथवा पाणक्याची आठवण कोणी लिहून घेतलेली आमच्या वाचनात नाही. ज्यांना आठवणी सांगण्यासाठी बोलावले जाते, त्यांच्याच आठवणी उरतात.

सोराबजींचे पुस्तक निघाले त्याच १९३४ साली डेक्कन कॉलेज बंद झाले. मंदीचे दिवस होते. खर्चात काटकसर करण्याच्या तजविजीत मुंबई सरकारने हे कॉलेज बरखास्त करण्याचा निर्णय घेतला, आणि शतकाहून अधिक काळ ज्याची परंपरा सांगितली जात होती, ते विद्यालय ओस पडले. त्या वेळी उभी राहिली ती माजी विद्यार्थ्यांची संघटना. प्रपंचातून मोकळी झालेली ही वयस्क मंडळी सरकारच्या हुकुमाविरुद्ध न्यायालयात गेली. सरकारच्या काटकसरीस त्यांचे उत्तर कायद्याचे होते: जिजीभाई घराण्याच्या देणगीने जे निर्माण झाले, तो एक न्यास आहे, आणि दात्याचा हेतू डावलून सरकारला ती वास्तू व ते विद्यालय मोडीत काढता येणार नाही. दावा दीर्घकाळ चालला. न्यायालयासमोर आठवणींना पुरावा म्हणून किंमत नव्हती, हे खरे. परंतु जुनी कलमे धुंडाळण्याचा, वकील उभे करण्याचा आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करण्याचा खटाटोप ज्यांनी केला, त्यांना त्यातून ना पगार मिळणार होता ना पदवी. त्या आवारात घालविलेल्या दिवसांवाचून त्यांचा या प्रकरणाशी दुसरा कोणताच हितसंबंध नव्हता.

अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी त्या इमारतीची दारे पुन्हा उघडली. मात्र माजी विद्यार्थ्यांना त्यांचे कॉलेज जसे होते तसे परत मिळाले नाही. बी.ए.चे वर्ग, मजल्यामजल्यावरची अठरा-वीस वर्षांच्या मुलांची गजबज, यांतले काही परतले नाही. त्या जागी पदव्युत्तर अध्ययनाची आणि संशोधनाची संस्था आली. तारापोरवाला तिचे पहिले संचालक झाले. सुमित्र मंगेश कत्रे भाषाशास्त्रासाठी, हसमुख सांकलिया पुरातत्त्वासाठी, त्र्यंबक शंकर शेजवलकर मराठ्यांच्या इतिहासासाठी तेथे आले, आणि जेथे कॉर्नेलियाच्या तोंडावर दार लागत असे तेथे इरावती कर्वे समाजशास्त्र व मानवशास्त्र शिकवू लागल्या. १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम तेथे हाती घेण्यात आले. त्याचा पहिला भाग छापून येण्यास १९७६ साल उजाडले, आणि काम अद्याप चालूच आहे. ज्या वृद्धांनी दावा लढविला, त्यांनी आपल्या तारुण्याची जागा मागितली होती. जे उभे राहिले त्याची त्यांना पूर्वकल्पना नव्हती, आणि ते त्यांच्या नातवांनाही पुरून उरले.