संभाषणाचा आरंभ कोणत्या भाषेत? : खेळ-सिद्धान्ताच्या दृष्टीने एक विचार

ज्या निर्णयाचे फळ केवळ आपल्या निवडीवर नव्हे, तर दुसऱ्याच्या निवडीवरही अवलंबून असते, अशा निर्णयांचा शास्त्रशुद्ध विचार म्हणजे खेळ-सिद्धान्त होय. फॉन नॉयमान व मॉर्गेनस्टर्न यांच्या १९४४ मधील ग्रंथाने या विषयाची पद्धतशीर मांडणी केली. 'खेळ' या शब्दामुळे येथे हारजीत अभिप्रेत असावी, असा समज होतो. परंतु नित्यव्यवहारातील पुष्कळ प्रसंगी उभय पक्षांचे हित एकच असते. अडचण असते ती मेळ बसण्याची.

तत्त्वज्ञ डेव्हिड ल्यूइस यांनी 'कन्व्हेन्शन' (१९६९) या ग्रंथात याचे एक साधे उदाहरण दिले आहे. अमेरिकेतील ओबर्लिन या गावी एके काळी स्थानिक टेलिफोन-संभाषण तीन मिनिटांनी आपोआप तुटत असे. दोघांनीही पुन्हा फोन लावला, तर दोघांचाही लागावयाचा नाही. दोघेही वाट पाहत बसले, तरी संभाषण खुंटावयाचे. तेथे मूळ फोन करणाऱ्यानेच पुन्हा फोन करावा, असा संकेत रूढ झाला. उलट संकेतानेही काम भागले असते. महत्त्व होते ते परस्परांच्या अपेक्षा जुळण्याला. शब्द व अर्थ यांचा संबंधही असाच सांकेतिक आहे, हे दाखविणे हा ल्यूइस यांचा हेतू होता.

तथापि सर्वच संकेत सारखे हितावह नसतात. रूसोने १७५५ मध्ये शिकाऱ्यांचा दृष्टान्त दिला आहे. सर्वांनी आपापली जागा धरून ठेवली तरच हरिण हाती लागते. पण जवळून ससा गेला की एखादा त्याच्यामागे धावतो. साथीविषयी खात्री नसली, की मनुष्य मोठा लाभ सोडून लहान पण निश्चित लाभ पत्करतो.

मुंबईच्या लोकलमध्ये दोन अपरिचित मराठी भाषकांची गाठ पडली, अशी कल्पना करू. मराठीत बोलणे दोघांनाही प्रिय आहे. पण समोरचा मराठी आहे की नाही, हे कोणासच ठाऊक नाही. दोघेही हिंदीत बोलू लागतात. एकदा हा क्रम बसला, की एकट्याने तो मोडण्यात कोणासच लाभ दिसत नाही. खेळ-सिद्धान्तात अशा स्थितीस नॅश-समतोल म्हणतात. दोघांनी मराठीत बोलणे हाही समतोलच, आणि अधिक चांगला. पण तेथवर पोहोचावयाचे कसे?

विवेचनापुरते काही गुण कल्पू. संभाषण मराठीत जमल्यास ४, हिंदीत झाल्यास ३, आणि मराठीचा प्रयत्न फसून अवघडलेपणा आल्यास ०. समोरून मराठीत उत्तर येण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाहून अधिक असेल, तरच मराठीत आरंभ करणे फायद्याचे ठरेल. आता असे समजा, की पहिले वाक्य मराठीत बोलावयाचे आणि प्रतिसाद न आल्यास सहजपणे हिंदीकडे वळावयाचे. फसलेल्या प्रयत्नाचे मूल्य ० ऐवजी २ झाले, तर शक्यता निम्म्याहून अधिक असणे पुरेसे होते. म्हणजे समोरच्याची मने वळविण्याआधी चुकलेल्या प्रयत्नाची किंमत कमी करणे, हा सोपा उपाय आहे. दूरध्वनीवर, दुकानात किंवा कचेरीत हाच नियम लागू पडतो.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ज्यास मराठी येत नाही, त्याच्याशी मराठीचा हट्ट धरल्याने मेळ बसत नाही. आपल्या गणितातला लाभ उभयपक्षी पसंतीवर आधारलेला आहे.

शेवटचा मुद्दा भाषाभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मराठीत उत्तर येण्याची जी शक्यता आपण निर्णयापूर्वी अजमावतो, ती बाहेरून दिलेली नसते. आपल्यासारख्या असंख्य बोलणाऱ्यांच्या पहिल्या वाक्यांतूनच ती घडत असते. प्रत्येक हिंदी आरंभ पुढच्याचा अंदाज किंचित खाली आणतो, आणि प्रत्येक मराठी आरंभ तो किंचित वर नेतो. म्हणून एखाद्या भाषेचा वापर आक्रसत असेल, तर तिच्या भाषकांचे प्रेम आटले, असा निष्कर्ष घाईने काढू नये. प्रेम शाबूत असूनही केवळ परस्परांविषयीच्या अंदाजामुळे वापर घटू शकतो. अशा वेळी भाषकांची आवड कोणती, एवढेच विचारून भागत नाही. इतरांची आवड कोणती असावी असे त्यांस वाटते, हेही विचारले पाहिजे.