जपानी टेक्नो: आधी ऐका, मग नाक मुरडा

मुलांच्या खोलीतून एकसारखी ‘धप धप’ ऐकू आली, की ‘हे कसलं संगीत?’ असं तुम्हीही म्हणता ना? मग आज मुलांच्याच शेजारी बसून थोडं जपानी टेक्नो ऐका.

सुरुवात करा टेक्नोची वाट तयार करणाऱ्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राच्या ‘टेक्नोपोलिस’ने (१९७९). धून इतकी सोपी, की लगेच गुणगुणू लागाल. यातल्याच र्‍युइची साकामोतो यांना पुढे ‘द लास्ट एम्परर’च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं.

मग केन इशी यांचं वेगवान ‘एक्स्ट्रा’ (१९९५). लहानांना मात्र गाणंच ऐकवा. त्याचा कोजी मोरिमोतो यांनी केलेला अ‍ॅनिमेशन व्हिडिओ मोठ्यांसाठी आहे. रात्री शांतपणे सुसुमु योकोता यांचा ‘अ‍ॅसिड माउंट फुजी’ (१९९४) हा अल्बम लावा. त्यात यंत्राच्या ठेक्यात रानातले आवाज मिसळतात.

तरीही आजोबा कुरकुरले तर? मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले, तेही पुढे टेक्नोवाल्यांनी डोक्यावर घेतलेल्या जपानच्या रोलंड कंपनीच्या यंत्रांवर. त्यातला यमन लावा. आजोबांना राग ओळखू येईल आणि नातवंडांना ठेका. मग घरात एकच गाणं वाजायला हरकत काय?