वारसाने आलेली जुनी लष्करी बंदूक : ओळख व कर्तव्य

ज्यांच्या घरची मंडळी पूर्वी संस्थानी फौजेत, ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात अथवा पोलिसांत नोकरीस होती, अशा कुटुंबांत माळ्याची आवराआवर करताना जुनी बंदूक हाती लागण्याचे प्रसंग अजूनही घडतात. "आजोबांची बंदूक" यापलीकडे घरात कोणास काही ठाऊक नसते. तिची जात ठरविणे हा केवळ कुतूहलाचा भाग नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये वारसाचे कर्तव्य काय, हे त्यावरच अवलंबून असते.

प्रथम सावधगिरी. बंदूक भरलेलीच आहे असे समजावे, नळीचे तोंड कोणाकडेही करू नये व चाप ओढून पाहू नये. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. तो काढणे हे जाणकाराचेच काम होय.

नळीखाली गज असेल व मागून काडतूस घालण्याची सोय नसेल, तर ती ठासणीची. १८५३ च्या नमुन्याची .५७७ इंची एन्फील्ड याच जातीची असून तिच्या घोड्याजवळील पोलादी पट्टीवर मुकुट, 'टॉवर' हा शब्द व साल आढळते. चापाखालची तरफ खाली ओढून एकेक काडतूस भरावयाचे असल्यास ती बहुधा १८७१ ची मार्टिनी-हेन्री. गोव्यात मात्र पोर्तुगीज सैन्याची १८८६ ची क्रोपाचेक किंवा १९०४ ची माउझर-व्हर्गेरो निघण्याचा संभव अधिक.

आपल्याकडे विशेष परिचयाची ती .३०३ ली-एन्फील्ड. नळीच्या तोंडाशी बोथट पोलादी टोपण, मधे दहा काडतुसांची पेटी आणि उजव्या बाजूस मागेपुढे सरकणारा बोल्ट, हे तिचे रूप. दस्ता जेथे लोखंडास मिळतो, तेथील उजव्या बाजूचा शिक्का नीट वाचावा. मुकुटाखाली 'जी. आर. आय.' ही अक्षरे व 'ईशापूर' असे नाव असल्यास ती बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेली होय. खालचे साल निर्मितीचे असते. बोल्टवरील व मुख्य भागावरील क्रमांक एकच असल्यास ते भाग मूळचे समजावेत. बाणाची खूण सरकारी मालकी दर्शविते. दोन बाण टोकास टोक लावून असतील तर ब्रिटिश पद्धतीप्रमाणे शस्त्र सेवेतून विकले गेले होते. गंज काढण्याच्या निमित्ताने हे शिक्के कानशीने घासू नयेत. ओळखखुणा नाहीशा करणे हा स्वतंत्र अपराध आहे.

काही ली-एन्फील्ड बंदुका पहारेकऱ्यांसाठी .४१० च्या एकबारी बंदुकांत बदलल्या गेल्या. पेटीत लाकडी ठोकळा बसविलेला दिसल्यास ही शक्यता ध्यानात घ्यावी. पुष्कळांचा असा समज असतो की, एकबारी झाली म्हणजे ती साधी बंदूक ठरते. तो चुकीचा आहे. .३०३ व .४१० मस्केट या दोन्ही निषिद्ध वर्गात मोडतात आणि केंद्र शासनाच्या खास अधिकृतीवाचून त्या बाळगता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या अपराधास सात ते चौदा वर्षांपर्यंत कारावास आहे. वारसाने आलेली शस्त्रे धरूनही एका व्यक्तीस दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे व पावती घ्यावी. जमा केल्याने वारसाचा हक्क बुडत नाही; परवाना मिळाल्यास शस्त्र परत मिळू शकते. दुरुस्त करूनही जी चालूच शकत नाही अशा कालबाह्य अथवा पुराणवस्तूच्या मोलाच्या बंदुकीस कलम ४५ अन्वये सूट आहे; परंतु गंजलेली बंदूक म्हणजे निकामी बंदूक नव्हे. तो निर्णय घरी न करता तपासणीवर सोपवावा. शस्त्र उचलून नेण्यापूर्वी ठाण्यास वर्दी द्यावी आणि जुना परवाना, सेवापुस्तिका किंवा बक्षीसपत्र सापडल्यास ते सोबत ठेवावे.