लहानपणीच आत शिरलेला विषाणू

1971 साली लंडनमध्ये सिल्व्हिया गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाची लघवी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तपासली. त्याला काही महिन्यांपूर्वी दुसऱ्याची किडनी बसवली होती आणि त्या किडनीतून मूत्राशयाकडे जाणारी नळी आता अरुंद झाली होती. लघवीत विषाणूंचे कण खच्चून भरलेले दिसले. तोवर कुणालाच ठाऊक नसलेला हा विषाणू रुग्णाच्या आद्याक्षरांवरून ‘बीके’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

तो आला कुठून? ऑपरेशनच्या वेळी लागला असेल, असंच कुणालाही वाटेल. खरी गोष्ट थक्क करणारी आहे. जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतोच. तुमच्या-माझ्याही असण्याची शक्यता दाट आहे. लहानपणी कधीतरी तो शिरतो, फार तर सर्दीपडसं होतं, बहुधा तेवढंही नाही. मग किडनीच्या आणि मूत्रमार्गाच्या पेशींमध्ये तो कायमचा मुक्काम ठोकतो. त्याचा सगळा जनुकीय मजकूर जेमतेम 5 हजार अक्षरांचा. आपला 3 अब्जांचा. तरी तो जन्मभर आपल्यात राहतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही, कारण रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशी डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर पहारा ठेवतात.

प्रत्यारोपणानंतर हा पहारा मुद्दाम ढिला करावा लागतो. नवी किडनी परकी म्हणून तिच्यावर तुटून पडतात त्याही टी-पेशीच. त्यांना आवरायला टॅक्रोलिमस नावाचं औषध देतात. 1984 साली जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. एक मिलिलिटर रक्तात साधारण 5 ते 10 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, एवढ्यावर सगळं पेलून धरायचं. गोळी घेतली की ही पातळी चढते, म्हणून ती तपासायची असली, की सकाळची गोळी घेण्याआधीच रक्त द्यावं लागतं. पण ‘किडनीला हात लावू नका, विषाणूला मात्र सोडू नका’ असं टी-पेशींना बजावणारी गोळी अजून कुणाच्या हाती आलेली नाही.

बीके उठतो तेव्हा ताप नाही, दुखणं नाही. किडनीचं काम मंदावल्याची खूण असलेलं क्रिएटिनिन तेवढं रिपोर्टमध्ये चढतं. रिजेक्शनमध्ये, म्हणजे टी-पेशी नव्या किडनीवर तुटून पडतात तेव्हाही, तेच होतं. बायॉप्सी केली, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला, तर दोन्हींत किडनीत लढाऊ पेशींची गर्दी सापडते. आणि उपचार मात्र बरोबर उलटे! रिजेक्शन असेल तर औषध वाढवायचं, बीके असेल तर कमी करायचं. इथे चूक झाली तर किडनी हातची जाऊ शकते. या कोड्यातून वाट काढायला मदत होते ती एका माकडाच्या विषाणूची. एसव्ही-40 हा बीकेचा जवळचा नातलग. त्याच्या एका प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी बीकेच्या प्रथिनालाही चिकटते. बायॉप्सीच्या कापावर ती टाकली, की निळसर पेशींमधून बीकेग्रस्त पेशींची केंद्रकं तपकिरी होऊन उठून दिसतात. पण ती वेळ येऊच नये, म्हणून सुरुवातीचे महिने दर महिन्याला रक्तात बीके शोधतात. ही तपासणी कुणी चुकवू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

प्रत्यारोपणानंतर असाच डोकं वर काढणारा दुसरा विषाणू म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, अर्थात सीएमव्ही. तो अस्थिमज्जेतल्या पेशींत दडतो आणि दात्याच्या अवयवातूनही येतो. दात्याला तो होता आणि घेणाऱ्याला कधीच झाला नव्हता, तर धोका सर्वांत जास्त. त्याच्यावर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे औषध आहे. संसर्ग झालेल्या पेशीत या औषधाला जागं करण्याचं पहिलं काम सीएमव्हीचंच एन्झाइम करतं आणि जागं झालेलं औषध विषाणूच्या डीएनएची नक्कल थांबवतं. इवल्याशा बीकेजवळ असं एन्झाइमच नाही, म्हणून ही युक्ती त्याच्यावर चालत नाही. त्याच्यासाठी खात्रीचं औषध आजही नाही. टी-पेशींवरचा लगाम सैल करणं हाच मुख्य उपाय.

पण लगाम किती सैल, हे मोजायचं कसं? 1997 साली जपानमध्ये टीटीव्ही नावाचा विषाणू सापडला. तोही बहुतेकांच्या रक्तात असतो आणि त्याच्यामुळे कुठला आजार होतो असं दिसलेलं नाही. टी-पेशी जितक्या दबलेल्या, तितका तो रक्तात वाढतो. फार वाढला तर संसर्गाची भीती, फार घटला तर रिजेक्शनची. या निरुपद्रवी विषाणूच्या प्रमाणावरून प्रत्यारोपणानंतरच्या औषधांचा डोस ठरवता येईल का, याची चाचणी युरोपातल्या डॉक्टरांनी हाती घेतली आहे.