चिमटा कुणाकडे आहे?

मे महिन्यात भाचा मढला आला की माळा आवरायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. यंदा त्याने फाटकी जाळी, बंद पडलेला टेबलफॅन आणि दोन माठ बाजूला सारले आणि माझा रिमोटवरच्या विमानांचा जुना ट्रान्समीटर खाली उतरवला. गळ्यात अडकवायचा पट्टा, अंगठ्यांनी हलवायच्या दोन काठ्या, आणि ओढली की मीटरभर लांब होणारी अँटेना. हा सेट घेऊन मी २७१ नंबरच्या बसमध्ये चढलो की कंडक्टर हमखास विचारायचा, "बाँब तर नाही ना?"

भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजच्या मुलांबरोबर तो विमानं बनवतो, म्हणजे फोमचे पंख कापतो आणि बोटं चिकटवून घेतो. त्याचा प्रश्न साधा होता. "मामा, हाच वापरू की नवा घेऊ?"

मी आधी मागचं झाकण उघडलं. निकेल-कॅडमियम सेलच्या पॅकची काळी वायर सोलली, तर आतलं तांबं काळं पडून बोटाला लागत होतं. या सेलना तो रोगच असतो. ऋण बाजूची वायर आतल्या आत कुजत जाते आणि बाहेरून प्लास्टिक मात्र ठणठणीत दिसतं. त्यात आमची हवा खारी. मढला सायकलची साखळी एका पावसाळ्यात गंजते, तिथे नाजूक सॉकेटचं काय होणार? अर्धं उत्तर तिथेच मिळालं होतं, पण मामाला विचारलं की मामा अर्ध्यावर थांबत नाही.

सेटच्या डब्यात एक काडेपेटी होती आणि तिच्यात कापसात ठेवलेले क्रिस्टल. नखाएवढी पत्र्याची डबी, खाली दोन पाय, वर चॅनलचा आकडा. आत क्वार्ट्झची पातळ चकती, आणि ती ठरावीक गतीनेच थरथरते. जोडीतला एक क्रिस्टल ट्रान्समीटरमध्ये बसतो, दुसरा विमानातल्या रिसीव्हरमध्ये. दोघांवर आकडा एकच, पण साध्या रिसीव्हरच्या क्रिस्टलची कंपनसंख्या ४५५ किलोहर्ट्झने वेगळी असते. अदलाबदल झाली की संध्याकाळपर्यंत डोकं खाजवत बसायचं. मी बसलोय.

आपल्याकडे हे सेट बहुतेक कुणाच्या तरी सुटकेसमधून यायचे. अमेरिकेतून आला तर ७२ मेगाहर्ट्झचा, इंग्लंडहून आला तर ३५ चा. अमेरिकेच्या पद्धतीत ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ११ ते ६० असे पन्नास चॅनल, दोन शेजाऱ्यांमध्ये २० किलोहर्ट्झचं अंतर. मैदानावर नियम एकच होता, एका चॅनलवर एका वेळी एकच माणूस. त्यासाठी एक फळी असायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येकावर आकडा लिहिलेला. आपल्या आकड्याचा चिमटा शर्टाला लावल्याशिवाय सेटच्या बटणाला हात लावायचा नाही. मैदानावर पोहोचलं की नमस्काराआधी विचारणा व्हायची, "चव्वेचाळीसचा चिमटा कुणाकडे आहे?"

हे विसरल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे. एकाने गाडीत बसल्या बसल्या, बॅटरी भरली आहे का बघू म्हणून सेट चालू केला. तिकडे आकाशात त्याच चॅनलवर दुसऱ्याचं बाल्सा लाकडाचं विमान होतं. त्या विमानाला आता दोन मालक झाले. ते एकदा अंग झटकल्यासारखं वळलं आणि नाकावर खाली आलं. तीन महिन्यांचं काम पाच सेकंदांत पिशवीत गोळा करावं लागलं. गाडीतल्या माणसाला तोपर्यंत काहीच कळलं नव्हतं.

मढच्या माणसाला ही शिस्त समजावून सांगावी लागत नाही. आमच्या होड्यांवरच्या व्हीएचएफ सेटवर १६ नंबरचा चॅनल संकटातल्या हाकेसाठी सगळ्या जगाने मोकळा ठेवलेला आहे, १५६.८ मेगाहर्ट्झ. त्यावर कुणी गप्पा ठोकत बसला तर बाकीचे तांडेल त्याच्या सात पिढ्या काढतात. हवा सगळ्यांची, तेव्हा तोंड कधी उघडायचं हेही सगळ्यांचंच. जुने विमानवाले असेच एकमेकांना बांधलेले होते.

२.४ गिगाहर्ट्झचे सेट आले आणि चिमटे गेले. स्पेक्ट्रम कंपनीचा पहिला सेट, डीएक्स६, २००५ चा. छोट्या विमानांसाठी होता. पाठोपाठ मोठ्या विमानांचे सेट आले, फुताबाने स्वतःची फास्ट ही पद्धत आणली, आणि बघता बघता मैदानावरच्या लांब अँटेना नाहीशा झाल्या. नवीन सेटची अँटेना बोटाएवढी असते. त्यात जादू काही नाही. ७२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी चार मीटरहून थोडी जास्त, तिचा पाव भाग म्हणजे मीटरभर वायर. विमानाच्या शेपटीमागे ती लोंबत असायची. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, पाव भाग जेमतेम ३१ मिलिमीटर. नव्या रिसीव्हरच्या वायरचं टोक नीट पाहिलं तर तेवढाच तुकडा उघडा, बाकीवर जाळीचं आवरण. खरी अँटेना तो तुकडा. मुलं व्यवस्थित दिसावं म्हणून नेमका तोच दुमडून टेप लावतात.

पण चिमटे गेले ते अँटेना आखूड झाली म्हणून नव्हे. मुंबईकराला हे लोकलच्या भाषेत सांगतो. जुनी पद्धत म्हणजे दोन मित्रांची रोजची ठरलेली खिडकी. तिसरा येऊन बसला की भांडण. नव्या पद्धतीत दोघे प्रत्येक स्टेशनला डबा बदलतात, आणि कुठल्या स्टेशनानंतर कुठला डबा हे फक्त त्या दोघांना ठाऊक. एखाद्या डब्यात गर्दी लागली तर एका स्टेशनापुरतं बोलणं बुडतं, पुढच्या डब्यात पुन्हा जमतं. स्टेशनं सेकंदाला शंभराच्या घरात, त्यामुळे विमानाला ते बुडणं जाणवतही नाही. सुरुवातीला ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांची ओळख करून द्यायची असते, तिला बाइंडिंग म्हणतात. त्यानंतर तो रिसीव्हर दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. अशा उड्या मारणाऱ्या लहरींचं एक पेटंट १९४२ मध्ये हॉलिवूडची नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी मिळवलं होतं, पाणतीराची दिशा शत्रूला बिघडवता येऊ नये म्हणून. त्यात उड्या मारायला ८८ जागा होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्याच.

म्हणजे नवं ते सगळं चांगलं? इथे मी भाच्याला थांबवलं.

जुना सेट आजारी पडायचा आणि आजार दिसायचा. विमान लांब गेलं, कुठे ठिणगी उडाली, की पंखावरचा हलता भाग थरथरायचा. आम्ही त्याला ग्लिच म्हणायचो. थरथर दिसली की विमान जवळ आणायचं. नवा सेट धडधाकट असतो, असतो, आणि एकदम कोसळतो. आधी खोकला नाही, ताप नाही, सरळ हार्ट अटॅक. कारण बरेचदा रेडिओत नसतंच, बॅटरीत असतं. जुना एफएम रिसीव्हर व्होल्टेज घसरलं तरी कण्हत चालायचा. नव्या रिसीव्हरमध्ये छोटा संगणक असतो. पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या चार ताकदवान सर्व्होंनी एकदम करंट ओढला आणि व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, तर तो बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरुवातीच्या काही रिसीव्हरना पुन्हा जुळायला सेकंदांचा वेळ लागायचा, आणि जमिनीपासून शंभर फुटांवर दोन सेकंद फार झाले. हल्ली ते चटकन जुळतात. तरीही बीईसी, म्हणजे मोटरच्या बॅटरीतून रिसीव्हरला वीज देणारा भाग, स्वस्तातला घेऊ नये. लोक ट्रान्समीटरवर महिन्याचा पगार उडवतात आणि इथे दोनशे रुपये वाचवतात.

शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याला आणि कार्बन फायबरला अडतात. माणूस म्हणजे बहुतांशी पाणीच. पाठ फिरवून उभं राहिलात तर सेट आणि विमान यांच्यामध्ये तुम्ही स्वतःच भिंत होता. अँटेनाचं टोक विमानाकडे रोखू नये, टोकाच्या दिशेला ती जवळजवळ मुकी असते. म्हणून रिसीव्हरच्या दोन वायरी एकमेकींशी काटकोनात लावतात. एक मुकी झाली तरी दुसरी बोलते.

खरी फसगत होते ती खरेदीच्या वेळी. "२.४ चा आहे ना, मग झालं," असं म्हणून मुलं एकाचा ट्रान्समीटर आणि दुसऱ्याचा रिसीव्हर घेऊन येतात. मैदान एकच असलं तरी प्रत्येक कंपनीची बोली निराळी. फ्लायस्कायची एएफएचडीएस २ए, फ्रस्कायची एसीसीएसटी, स्पेक्ट्रमची डीएसएमएक्स. एकाचं दुसऱ्याला कळत नाही. एकाच कंपनीची जुनी आणि नवी बोलीही पुष्कळदा जुळत नाही. स्पेक्ट्रमची आधीची डीएसएम२ दोनच डबे निवडून त्यांतच बसून राहायची. युरोपात नव्या नियमांमुळे २०१५ पासून तिची विक्रीच थांबली. स्वस्तात मिळालेल्या जुन्या सेटच्या पोटात कुठली बोली आहे ते आधी विचारावं. ट्रान्समीटर एकदाच घेतला जातो, रिसीव्हर प्रत्येक विमानाला एक लागतो. म्हणून मी उलटा हिशेब मांडतो. आधी रिसीव्हर किती पैशांत आणि कुठे मिळतो ते बघायचं, मग त्याच्या बोलीचा ट्रान्समीटर. रेडिओमास्टरसारख्या सेटमध्ये अनेक बोली बोलणारा मॉड्यूल मिळतो. तो दुभाषा पुष्कळ भांडणं मिटवतो.

सगळ्यात नव्या मंडळींचा ओढा एक्सप्रेस-एलआरएसकडे आहे. प्रणाली खुली, पल्ला लांब, रिसीव्हर नखाएवढे. ती २.४ वर चालते तशी ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासही चालते, आणि तिथे भारतीयांनी सावध राहायला हवं. अमेरिकन दुकानातून येणारा ९१५ चा सेट इथे चालवू नये. तिकडे तो पट्टा मोकळा आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झमध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात, आणि त्या सेटचा बराच भाग याच पट्ट्यात पडतो. आपल्याकडे कमी ताकदीच्या यंत्रांना विनापरवाना मोकळीक आहे ती ८६५ ते ८६८ ची, म्हणून त्या प्रणालीत भारतासाठी वेगळा पर्याय निवडावा लागतो. मी तर म्हणतो, २.४ वरच राहा. तो पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने खुला झाला, ट्रान्समीटरची ताकद एक वॉटपर्यंत. हौशी सेट त्याच्या दहाव्या हिश्श्यात भागवतात. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय असलं यंत्र नुसतं घरात ठेवणंही गुन्हा होता, हे आठवलं की ही मोकळीक केवढी ते कळतं. बाहेरून मागवताना आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुट्या भागांवर नाही.

आता मढचं. इथून सरळ रेषेत जुहूचा विमानतळ सहा किलोमीटरच्या आसपास, जिथे १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीची टपाल घेऊन उतरले तोच. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. मार्व्याला नौदलाचा तळ, आयएनएस हमला. शिवाय मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघतात आणि त्यांत ड्रोनबरोबर रिमोटवरची छोटी विमानंही असतात. बंगल्यांमध्ये मालिकांचं शूटिंग करणाऱ्यांचा ड्रोन दिसला म्हणून आपणही उडवावं असं नाही. ते परवानगी काढतात, निदान काढायला हवी. आम्ही उडवायचो ते कर्जतच्या पुढे, भात कापून झालेल्या शेतात. भाच्यालाही तेच सांगितलं. आधी नकाशा बघ, मग शेतमालकाला विचार.

जुन्या सेटचं काय? काठ्यांची चाल अजून लोण्यासारखी आहे, तशा काठ्या आज स्वस्त सेटमध्ये मिळत नाहीत. काही सेटच्या पाठीतून रेडिओचा भाग काढून तिथे २.४ चा मॉड्यूल बसवता येतो. ज्याला तशी सोय आहे त्याने अवश्य करावं. माझ्याला नाही. विद्यार्थ्याचं पहिलं विमान ७२ मेगाहर्ट्झवर उडवणं मला पटत नाही. क्रिस्टल मिळत नाहीत, दुरुस्त करणारे उरले नाहीत, आणि फळीवर चिमटे लावणारं मैदानच राहिलं नाही. भाच्याने सहा चॅनलचा, म्हणजे सहा गोष्टी हलवू शकणारा, साधा नवा सेट घेतला. जुन्यातला गळ्याचा पट्टा तेवढा काढून घेतला.

परवा खळ्यात चाचणी केली. पंख लावले नव्हते, प्रोपेलर काढून खिशात ठेवला होता. मी विमान धरून बसलो. भाच्याने सेटची ताकद कमी करायचं बटण दाबून धरलं आणि बोंबील वाळवायच्या वलांडीपर्यंत तीस पावलं चालत गेला. शेपूट नीट हलत होतं. मग मी ओरडलो, "आता सेट बंद कर."

त्याने बंद केला. मोटर गुणगुणतच राहिली.

"बघ," मी म्हटलं, "संपर्क तुटल्यावर काय करायचं ते तू त्याला सांगितलेलंच नाहीस. आकाशात असतं तर हे असंच पूर्ण जोरात कुणाच्या तरी अंगणात गेलं असतं."

त्याला फेलसेफ म्हणतात. मेनूमध्ये शोधायला पंधरा मिनिटं गेली, थ्रॉटल शून्यावर ठेवायला एक सेकंद. पुन्हा तीस पावलं, पुन्हा सेट बंद, आणि मोटर थांबली. वलांडीवर बोंबील लावणारी शेजारची मावशी एवढा वेळ हे सगळं बघत होती.

"काय रं, कवा उरनार?"

"इथं नाय मावशी," भाचा म्हणाला, "कर्जतला."