पन्नाशीनंतरची पहिली नवी गाडी

आमचं वरवंड पुणे-सोलापूर महामार्गावर. दौंड तालुक्यातल्या या गावात आम्ही गाड्या बघत मोठे झालो; बसलो मात्र कमीच. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतहून निघून वरवंडला मुक्कामाला येते, तेवढ्यापुरता हा रस्ता पायी चालणाऱ्यांचा असतो. एरवी रात्रंदिवस चाकांचा. रस्ता दारात आणि चाक परक्याचं, अशी आमच्या पिढीची गत होती.

त्याला कारणंही होती. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावानं ओळखलं जातं, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि मग पद्मिनी बाहेर पडली. पण परवान्यांच्या त्या काळात मोटार म्हणजे डॉक्टर, वकील आणि बागायतदार यांचं वाहन. पैसे असले तरी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गाच्या डोळ्यांत मोटार शिरली. आमच्यासारख्यांच्या दारात मात्र लुना आली, एम-८० आली आणि फार झालं तर दुसऱ्याच्या हातून उतरलेली जुनी मारुती. आज आमच्याच बाजूला शिरूर तालुक्यात रांजणगावला मोटारी तयार होतात, चाकणला होतात. गाड्यांच्या या मुलखात राहून कोरी गाडी घ्यायला अनेकांना पन्नाशी उलटावी लागली. मीही त्यांतलाच एक.

या वयात गाडी घेताना एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शोरूममधलं सगळं बोलणं पंचविशीतल्या गिऱ्हाइकासाठी रचलेलं असतं. वेग, रंग, पडद्यावरची गाणी, छताची काच. आपले प्रश्न वेगळे असतात. या गाडीत कोण बसणार? ती आपण किती वर्षं चालवणार? आणि पैसे भरल्यावर म्हातारपणासाठी मागे काय उरणार? हे तीन प्रश्न घरीच सोडवून मग शोरूमची पायरी चढावी.

आधी किंमत. जाहिरातीत असते ती ‘एक्स-शोरूम’ किंमत. गाडी रस्त्यावर येते ती ‘ऑन-रोड’ किमतीला, आणि या दोहोंत बरंच अंतर असतं. पहिल्या किमतीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा हा कर १८ टक्के झाला. त्याआधी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. छोटी म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचं १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. या किमतीवर राज्याचा एकरकमी वाहन कर येतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे. म्हणजे सहा लाखांच्या गाडीवर सहासष्ट हजार रुपये झाले. मग विमा, फास्टॅग, नोंदणीचा खर्च.

यांतलं काय सक्तीचं आणि काय ऐच्छिक, ते विचारून घ्यावं. कर आणि नोंदणी सक्तीची. त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा, सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा कोणत्या कंपनीचा घ्यायचा, ते आपण ठरवायचं. शोरूमनं पुढे केलेल्याच कंपनीचा घ्यावा असं बंधन नाही. सीटकव्हर, मॅटिंग, वाढीव वॉरंटी, रंगावरचा लेप हे सगळं आपल्या खुशीचं. ‘हाताळणी खर्च’ असा एखादा आकडा कागदावर दिसला, तर तो कशाचा, हे शांतपणे विचारावं. मी विचारलं, तेव्हा समोरच्या तरुणानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी संगणकाकडे पाहिलं आणि आकडा खोडला गेला. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता कर्ज. व्याज देणं-घेणं टाळावं, ही आमच्या घरातली जुनी रीत. म्हणून मला काही वर्षं थांबावं लागलं. पण कर्ज काढणाऱ्यानं एक हिशेब डोक्यात ठेवावा. पाच लाख रुपये, पाच वर्षं, नऊ टक्के. उरलेल्या मुद्दलावर व्याज असेल तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे १०,३८० रुपये आणि एकूण व्याज जातं साधारण एक लाख तेवीस हजार. तोच नऊ टक्के दर ‘फ्लॅट’ असेल, तर सगळी पाच वर्षं पूर्ण पाच लाखांवरच व्याज मोजतात. मग व्याज होतं सव्वादोन लाख आणि हप्ता १२,०८३ रुपये. दर दोन्हीकडे नऊच! म्हणून दर किती एवढंच विचारू नये, तो कशावर, हेही विचारावं. मुदत सात वर्षांची केली की हप्ता आठ हजारांवर येतो आणि मनाला हलकं वाटतं. पण व्याज पावणेदोन लाखांच्या घरात जातं. शिवाय चोपन्नाव्या वर्षी घेतलेलं सात वर्षांचं कर्ज एकसष्टाव्या वर्षी फिटतं. पगार अठ्ठावन्नला थांबणार असेल, तर शेवटची तीन वर्षं हप्ता कुठून जाणार, याचा विचार आजच करायला हवा.

मी मित्रांना एक साधी युक्ती सांगतो. आधी हप्ता, मग गाडी. जेवढा हप्ता बसेल असं वाटतं तेवढी रक्कम, वर पेट्रोल आणि विम्याचे पैसे, दर महिन्याला वर्षभर बाजूला टाकून पाहायची. घर ओढाताणीशिवाय चाललं, तर गाडी झेपेल. नाही चाललं, तर वर्षाची शिल्लक तरी हाती आहे. आणि गाडी ही मालमत्ता नव्हे, हेही लक्षात असावं. विम्याच्या रूढ कोष्टकात पाच वर्षांच्या आत गाडीची किंमत निम्म्यावर येते. जमीन विकून किंवा भविष्यनिर्वाह निधी रिकामा करून घेण्याजोगी ही वस्तू नाही.

कोणती गाडी, हे गुडघ्यांना विचारावं. माझ्या पत्नीला खाली वाकून बसता येत नाही आणि आईला उंच चढता येत नाही. म्हणून दोघींना घेऊनच मी गाड्या पाहायला गेलो. सीट साधारण कंबरेच्या उंचीला असावी. बसताना शरीर खाली सोडावं लागू नये आणि उठताना ओढावं लागू नये. दार रुंद उघडावं. हा तपास माहितीपत्रकात होत नाही, पाच वेळा बसून-उठूनच होतो. डावा गुडघा दुखत असेल, तर क्लच नसलेली गाडी पाहावी. पूर्वी ती चैन होती. आता छोट्या गाड्यांतही आपोआप गिअर बदलण्याची सोय मिळते. सीएनजीनं इंधनाचा खर्च वाचतो, पण बऱ्याच गाड्यांत टाकी डिकीची जागा खाते. घरात चाकाची खुर्ची किंवा वॉकर असेल, तर ती ठेवायची कुठे, हे आधी पाहावं.

त्याहून मोठा प्रश्न सुरक्षिततेचा. आमच्या रस्त्यावर गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं झाकलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. रात्री समोरच्या वाहनाच्या झोतात अशी ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. अशा रस्त्यावर गाडी किती मजबूत आहे, याला रंगापेक्षा जास्त किंमत आहे. गाडी आदळवून तिला तारे देण्याची ‘भारत एनकॅप’ ही आपली चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. घेत असलेल्या गाडीला किती तारे आहेत, हे विचारावं. मोठ्यांसाठीचे आणि मुलांसाठीचे तारे वेगळे असतात. पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग आता सक्तीच्या आहेत. पण एअरबॅग ही पट्ट्याची सोबतीण आहे, पट्ट्याची जागा ती घेत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटवरच्या पट्ट्याची चर्चा देशभर झाली. मागे बसणाऱ्यानंही पट्टा लावायचा, हा नियम त्याआधीपासून होताच. आपल्याकडे मागची सीट वडीलधाऱ्यांची असते, आणि नेमके तेच पट्ट्याविना बसलेले असतात.

वयाचा संबंध परवान्याशीही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पन्नास ते पंचावन्न वयात काढलेला परवाना साठीपर्यंत चालतो. पंचावन्ननंतर तो पाच-पाच वर्षांचा असतो. चाळिशीनंतर डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. ते ओळखीनं सही करून आणू नये. डोळे खरंच तपासून घ्यावेत. मोतीबिंदू सुरू झाला की समोरून येणारा दिवा फुटल्यासारखा पसरतो, आणि माणूस दोष देतो समोरच्याच्या दिव्यांना. ज्यानं आयुष्यभर दुचाकीच चालवली, त्यानं शिकाऊ परवाना काढून एखाद्या चांगल्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जावं. मुलाकडून शिकू नये. शिकणंही होत नाही आणि नातंही ताणतं.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी घाई नको. नोंदणीपूर्वीच ती दिवसाउजेडी पाहून घ्यावी. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी ताडावेत. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली, ते विचारावं; डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतली, तर पुढे विकताना ती एक वर्ष जुनी धरतात. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. ३२२५ म्हणजे २०२५ सालचा बत्तिसावा आठवडा. किलोमीटरचा आकडा पाहावा, दिवे लावावेत, काचा खाली-वर कराव्यात, जादा चाक आणि जॅक आहे का, ते बघावं. हे सगळं तपासून झाल्यावर शोरूममधल्या मुलीनं हळदीकुंकवाचं ताट आणलं आणि आमच्याकडे पाहून ती जरा थबकली. आईच म्हणाली, “लाव पोरी, गाडीला कसली जात?” मुलीनं कुंकू लावलं, नारळ फोडला. आईनं बिस्मिल्ला म्हणून बॉनेटवरून हात फिरवला. पट्टा मात्र तिला बांधता येईना. तो त्याच मुलीनं बांधून दिला.

नंतरची दोन कामं बहुतेक जण विसरतात. कर्ज फिटल्यावर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन नोंदणीवरचं बँकेचं नाव काढून घ्यावं. आणि २०२१ पासून गाडीच्या नोंदणीत वारसाचं, म्हणजे नॉमिनीचं नाव लावता येतं, ते लावावं. आपण नसताना घरच्यांना आरटीओत कमी खेटे घालावे लागतात. विशीतल्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. आपण हसू नये.

इतका हिशेब करून घेतलेली गाडी कशासाठी असते? अर्ध्या रात्री दवाखान्यात जाताना कुणाच्या जीपची वाट पाहावी लागू नये, यासाठी. लेकीच्या गावाला शेवटची एसटी चुकेल या धास्तीनं जेवण अर्धं सोडून उठावं लागू नये, यासाठी. मला तर कविसंमेलनात शेवटच्या कवीपर्यंत थांबता येतं, हाही फायदाच धरतो. इतर कवींना तो तसा वाटतो की नाही, ते मी विचारलेलं नाही. उशिरा आलेल्या वस्तूचा एक गुण असतो, ती दाखवण्यासाठी आणलेली नसते. तेव्हा उशीर झाला म्हणून खंत करू नये आणि आता वेळ कमी उरला म्हणून घाईही करू नये. झेपेल तेवढीच घ्यावी, डोळे तपासून चालवावी, आणि मागच्या सीटवर बसलेल्यांचा पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)