बॉयलरच्या नळीतला काळा थर



बॉयलरची जुनी नळी कापली की आत पातळ काळा थर दिसतो. “गंजच की हा!” असं कुणीही म्हणेल. पण हा थर मॅग्नेटाइटचा. नळीचं चिलखतच म्हणा ना!

लोखंडाचे अणू या स्फटिकातल्या मोकळ्या जागांतून उड्या घेत बाहेर सरकतात आणि पाण्यातल्या ऑक्सिजनशी जुळतात. थर जाड होईल तशी वाट लांबते, वाढ मंदावते. दुप्पट जाडीला साधारण चौपट वेळ लागतो. यामागचं गणित जर्मन शास्त्रज्ञ कार्ल वॅग्नर यांनी १९३३ साली मांडलं.

मात्र नळीत क्षार साचले की आच पाण्यापर्यंत नीट पोचत नाही, नळीच तापते. ५७० अंश सेल्सिअसच्या वर वुस्टाइट हा निराळा ऑक्साइड तयार होतो. त्यात लोखंडाच्या शंभरांतल्या पाच-दहा जागा रिकाम्याच! अणू भराभर सरकतात, नळी झिजते. पाण्यात रस उतरला तर साखरेची आम्लं होऊन ती चिलखतच खातात.

नळी फुटली की गाळप बंद आणि तोडलेला ऊस वाळून आपलंच वजन घटतं. म्हणून बॉयलरच्या पाण्यातली साखर वेळच्या वेळी तपासलीच पाहिजे. वार्षिक सभेत त्याचा हिशेब आपण सर्वांनी जरूर विचारावा.